डोंगर उजव्या हाताला

सुरुवातीलाच सांगून टाकते, की हे लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. त्या काळात फळ्यावर जे लिहिले तेवढेच माझे लेखन, आणि तेही तास संपला की पुसले जाई. निवृत्तीनंतर पुष्कळ माणसे लिहू लागतात आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असते, हे मी पाहिले आहे. माझ्यापाशी एका रविवारची एक फेरी आहे, तीही जेमतेम चार किलोमीटरांची. एवढ्याशा भांडवलावर वाचकाचा वेळ मागणे म्हणजे ओळख नसलेल्या घरी नेमके जेवणाच्या वेळेला जाऊन उभे राहण्यासारखे आहे. तरीही उभी राहिले आहे. लेखणी कुठे अडखळली, तर ती सवय नसल्यामुळे अडखळली, असे समजून घ्यावे ही विनंती.

आम्ही पंचवटीत राहतो. माझ्या पतींच्या घराण्यात तीर्थोपाध्यायाचे काम कित्येक पिढ्यांपासून आहे. दूरगावचा माणूस गंगेवर येतो, आपले गाव आणि आडनाव सांगतो, आणि त्या गावाची वही ज्या घरात असेल त्या घरचा उपाध्याय त्याचे विधी करतो. गोदावरीला आमच्याकडे सगळे गंगाच म्हणतात. वहीत त्या माणसाच्या आजोबा-पणजोबांची सही सापडते, कधी नुसता अंगठा सापडतो, आणि मोठमोठी माणसे तो अंगठा बोटाने चाचपून पाहतात. पाहणाऱ्याला हे बसून करण्याचे काम वाटते. पण पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, ओल्या दगडावर तासन्‌तास मांडी घालायची, गुडघाभर पाण्यात उभे राहायचे आणि पुन्हा वर चढायचे, हे सारे त्यात येते. माझ्या पतींनी ते चाळीस वर्षे केले, आणि एकदाही 'थकलो' म्हणून ते घरी लवकर आले नाहीत.

गेल्या वैशाखात त्यांच्या छातीत दुखू लागले आणि बायपास करावी लागली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिले आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. आता तीन जिने चढा, रोज फिरा, कामाला लागा." घरी आल्यावर मात्र ते कामाला लागले नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते, तिच्यापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढाच त्यांचा दिवसाचा प्रवास. जाताना डावा हात भिंतीवरून सरकत असे. मधूनच ते थांबत, दोन बोटे मनगटावर ठेवत आणि त्यांचे ओठ हलू लागत. पहिल्यांदा मला वाटले, जप चालला आहे. नंतर कळले, की ते नाडीचे ठोके मोजत आहेत.

त्या आठ महिन्यांत घाटावरचे काम माझ्या चुलतदिरांनी सांभाळले, आणि मनापासून सांभाळले. संक्रांतीला ते तिळगूळ द्यायला आले तेव्हा उंबऱ्यातच थांबून म्हणाले, "दादा, माघ लागायच्या आत काय ते सांग. चैत्रापासून वह्या माझ्याकडे न्यायच्या, की तू येतोस. मला घाई नाही. पण माणसं विचारतात, पुढे कुणाला भेटायचं म्हणून."

त्यांचे काही चुकले नव्हते. वही ज्याच्या कपाटात, माणसे त्याच्याकडे. आणि एकदा हललेली वही पुन्हा जुन्या कपाटात आल्याचे मी तरी ऐकलेले नाही. ते गेल्यावर माझे पती वह्यांच्या कपाटासमोर बराच वेळ बसून होते. कपाट त्यांनी उघडले नाही. माघ लागायला नऊ दिवस होते.

आमची मुलगी आणि जावई नाशिकातच, द्वारका चौकापलीकडे राहतात. दुसऱ्याच दिवशी मुलगी स्कूटरवरून आली आणि हेल्मेट न काढताच म्हणाली, "बाबा, रविवारी डोंगरावर जायचंय."

"कुणी?"

"तुम्ही."

"मी कोपऱ्यापर्यंत जातो की रोज."

"कोपऱ्यावर झाडं नाहीत."

"भाजीवाली आहे. मेथी असते तिच्याकडे."

मुलीने हार मानली नाही. पेठ रस्त्याच्या बाजूला एक लहानसा डोंगर आहे, त्याला वळसा घालणारी वाट वनखात्याने आखली आहे, सगळी सपाट आहे, मधे मधे बाकडी आहेत, वाटेल तिथून परत फिरता येते, आणि डॉक्टरांना विचारून झाले आहे, असे तिने एका दमात सांगितले. पण त्यांना तयार केले ते सात वर्षांच्या नातीने, फोनवरून. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही नाही आलात तर मला आईच्या बरोबर मागे चालावं लागेल. ती प्रत्येक पानाचा फोटो काढते."

रविवारी सकाळी मुलीने त्यांच्यापुढे नवे बूट ठेवले. पांढरे, निळ्या पट्ट्यांचे. त्यांनी ते कपाळाला आठ्या घालून न्याहाळले.

"हे घालून मी एखाद्या यजमानाच्या दृष्टीस पडलो तर?"

"डोंगरावर कुठले यजमान, बाबा?"

"यजमान कुठेही असतात," असे म्हणत त्यांनी पायजम्याखाली ते बूट चढवले आणि ओसरीत चार पावले टाकून पाहिली.

वाटेत आम्ही हरभऱ्याचे डहाळे घेतले. नात मागच्या सीटवर घाटे सोलत होती आणि निम्मे खाली सांडत होती. थंडी अजून गाडीच्या काचांवर होती. डोंगराच्या पायथ्याशी फाटक होते, फाटकाशी खाकी स्वेटर घातलेला एक पहारेकरी आणि एक मोठा नकाशा. भूगोलाच्या शिक्षिकेने नकाशा पाहिल्याशिवाय पुढे जावे हे लाजिरवाणे आहे. पण त्या दिवशी तसे झाले, कारण नकाशापाशी पोहोचण्याआधीच वाद सुरू झाला होता.

फाटकातल्या पाटीवर बाण होता उजवीकडे. माझे पती डावीकडे वळले.

"बाबा, इकडून," मुलगी म्हणाली.

"तिकडून गेलं तर डोंगर डाव्या हाताला येतो."

"मग?"

"मग काय? डाव्या हाताला ठेवून कुणी प्रदक्षिणा घालतं का?"

"बाबा, ही प्रदक्षिणा नाहीये. ट्रेल आहे."

"डोंगराला वळसाच घालायचा आहे ना? त्याला तू काहीही म्हण."

मला येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. दर श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करणारा हा माणूस. देवळात, पारावर, तुळशीपाशी, जिथे जिथे वळसा आला तिथे उजवा हात आतल्या बाजूला, हे त्यांच्या पायांनाच ठाऊक होते. कोपऱ्यावरचा विजेचा खांबही ते डावीकडे टाकून जात नाहीत, असे मुलगी चिडवत असे. पण त्या सकाळी मला हट्टाचे नवल वाटले नाही; नवल याचे वाटले, की तो हट्ट होता. आठ महिन्यांत त्यांनी कशाचाच आग्रह धरला नव्हता. कोणती भाजी करू विचारले तर 'कुठलीही', पंखा लावू का विचारले तर 'लाव, नाही तर राहू दे'. त्यामुळे आम्ही तिघेही मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागलो, आणि कुणालाच विरोध करवेना.

पहारेकऱ्याने मात्र केला. "बाबा, उलटं नका जाऊ. पाट्या समद्या तिकडून येणाऱ्याला वाचायच्या हायेत. तुम्हाला नुसती कोरी बाजू दिसंल."

"असू दे. वाचायला नात आहे."

"बरं हाय," तो हसून म्हणाला. "चुकले तं आवाज द्या."

जावई म्हणाले, "चला, उलटं गेलं की निदान पुढे गर्दी नाही," आणि सॅक पाठीला लावून निघाले.

सुरुवातीची वाट खरोखरच सोपी होती. साग, ऐन, मधूनच एखादा मोह, खाली करवंदीच्या जाळ्या. सागाची पाने पिवळी पडून वाटेवर पसरली होती आणि पाऊल पडले की पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. पाट्या पहारेकऱ्याने सांगितल्याप्रमाणे आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. प्रत्येक पाटी आली की नात धावत पुढे जाई, वळे आणि शाळेतल्या सुरात वाचून दाखवी. "ऐन! याची साल मगरीच्या पाठीसारखी दिसते!" मग झाडाला हात लावून, "दिसते!" एका पाटीवर 'कृपया शांतता राखा' असे होते, ते तिने इतक्या मोठ्याने वाचले, की झाडावरचे पक्षी उडाले. समोरून चार-पाच मुलांचा घोळका आला. त्यातला एक म्हणाला, "काका, तुम्ही उलटे आलात." माझे पती म्हणाले, "नाही, बाळांनो. आम्ही सुलटे आहोत. तुमचं तुम्ही बघा."

त्यांच्यामागे दोन पावलांवर मी चालत होते आणि त्यांचा डावा हात पाहत होते. तो हात कमरेच्या उंचीवर थोडा बाहेर निघालेला होता. जंगलात भिंत नसते. हात भिंत शोधत होता, ती सापडत नव्हती, आणि तरी पाय पडत होते. पहिल्या बाकड्यावर ते बसले. दुसऱ्यावर बसले नाहीत. नुसते टेकायला म्हणून थांबले आणि निघाले. बहुधा तिसऱ्या बाकड्याच्या सुमारास तो हात खाली आला आणि दुसऱ्या हाताशी पाठीमागे जाऊन जुळला. घाटावर ते तसेच चालत. मी काही बोलले नाही. बोलले असते तर हात पुन्हा सुटला असता.

मग वाट गवतातून जाऊ लागली आणि नातीच्या मोज्यांत कुसळे शिरली. ती एका दगडावर बसून ओरडू लागली. मुलगी आणि जावई दोघे मिळून एकेक कुसळ उपटू लागले. माझे पती म्हणाले, "आम्ही दोघं पुढे होतो," आणि आम्ही पुढे झालो.

शे-दीडशे पावलांवर वाटेला फाटा फुटला. एक वाट खाली, झाडीतून सपाट जात होती. दुसरी उजवीकडे, दगडांमधून वर चढत एका खिंडीकडे गेली होती. मधे एक पाटी होती, अर्थातच आमच्याकडे पाठ करून. डोंगर दोन्ही वाटांनी उजव्या हातालाच राहत होता, पण वरची वाट त्याला अधिक बिलगून होती. माझ्या पतींनी क्षणभरही विचार केला नाही. ते वरच्या वाटेला लागले.

लिहिलेले काहीही वाचल्याशिवाय पुढे जाणे मला जमत नाही. इतक्या वर्षांची ती सवय आहे. मी खालच्या वाटेवर चार पावले गेले आणि वळून पाटी पाहिली. तिच्यावर लिहिले होते: 'फेरीची सोपी वाट सरळ.' आणि त्याखाली, खिंडीकडच्या बाणापुढे, लाल अक्षरांत: 'तीव्र चढ. ज्येष्ठ नागरिक व हृदयरुग्णांनी ही वाट टाळावी.'

मी तोंड उघडले. हे मला स्पष्ट आठवते, कारण थंड हवा दातांना लागली. ते दहा-बारा पावले वर गेले होते, हात पाठीमागे जुळलेले, मान किंचित खाली, अगदी पहाटे घाटाकडे निघावेत तसे. मला कळत होते, की मी ही दोन ओळींची पाटी मोठ्याने वाचली तर ते थांबतील. त्यातला एक शब्द ऐकला की बोटे मनगटावर जातील. मग ते खाली येतील, सोप्या वाटेनेही नाही, आल्या वाटेने, आणि माघ लागण्याआधी चुलतदिरांना जे उत्तर जायचे ते मला तिथे, त्या फाट्यावर, ऐकू आले.

मी खिंडीकडे पाहिले. अंदाजे तीनशे फूट. डॉक्टरांनी तीन जिन्यांची परवानगी दिली होती, तीस जिन्यांची नव्हे. पण थांबत थांबत गेले तर? पट्ट्यावर तर ते बराच वेळ चालले होते. हा सगळा हिशेब मी त्या क्षणी केला की घरी आल्यावर स्वतःच्या समाधानासाठी रचला, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. एवढे मात्र खरे, की मी तोंड मिटले.

मागून मंडळी आली. नात जावयाच्या खांद्यावर होती, पाय उघडे, मोजे हातात.

"आई, हीच ना वाट?" मुलीने विचारले.

"हो. बाबा पुढे गेलेत," मी म्हणाले. त्यातला पहिला शब्द खोटा होता.

"आजी, ही पाटी राहिली माझी!" नात वरून म्हणाली.

"ती मी वाचली."

"काय आहे?"

"वाटेबद्दल आहे."

चढ पाटीवर लिहिला होता तितकाच तीव्र होता. सुरुवातीला माझे पती जोमाने गेले, मग दगड मोठे होऊ लागले, मग मुळे धरून पाय टाकावा लागू लागला. ते थांबले. पुन्हा निघाले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा त्यांच्या श्वासाचा आवाज मला ऐकू आला. तिसऱ्यांदा ते एका सपाट दगडावर बसले आणि त्यांची दोन बोटे मनगटावर गेली. मुलगी धावत वर आली. जावयांनी आम्हाला दिसणार नाही अशा बेताने फोन काढून रेंज आहे का ते पाहिले.

तेवढ्यात वरून एक बाई उतरली. डोक्यावर वाळक्या लाकडांची मोळी, पायांत साध्या चपला, चाल अशी की जणू सपाटीवर चालली आहे. आम्हाला पाहून ती थांबली.

"बसले का, बाबा?"

"दम खातोय," माझे पती म्हणाले.

"खा, खा. इथं समदेच खात्यात. खालून गेले असते तं खायाची पाळी नसती आली. सोपी वाट खाली राहिली की तुमची."

मुलीने माझ्याकडे पाहिले. "आई, तू हो म्हणालीस ना?"

"मला वाटलं," मी म्हणाले. हे दुसरे खोटे.

"बाबा, उठा हळूच. परत फिरू या. उतारच आहे सगळा."

त्यांनी खाली पाहिले, मग वर पाहिले. बोटे अजून मनगटावरच होती. त्यांनी त्या बाईला विचारले, "वर किती राहिलं?"

"हे काय, तीन वळणं. माझी सासू रोज जाती. तिला तं दिसत बी नाय नीट."

"वय काय सासूबाईंचं?"

"तिचं तिलाच ठावं नाय, मला कुठून असायचं?"

ते हसले. आधी थोडे, मग चांगले मोठ्याने, आणि हसताना गुडघ्यावर थाप मारायला त्यांनी जो हात उचलला तो मनगटावरून सुटलेला हात होता. बाई मोळी सावरत निघून गेली.

"अर्धी प्रदक्षिणा टाकून मागे फिरत नसतात," ते म्हणाले.

"बाबा, अहो, हे देऊळ नाहीये!"

"ते दिसतंय मला. देवळात टेकायला कट्टा असतो." आणि ते उठले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मला अजूनही दिसते. ते दहा पावले चढले, थांबले आणि म्हणाले, "चांदवड." आम्हाला काही कळेना. पुन्हा दहा पावले. "सटाणा." नातीने विचारले, "आजोबा, काय म्हणताय?" ते श्वास घेऊन म्हणाले, "वही. आपल्या कपाटातल्या वह्या ज्या ओळीने लावल्यात ना, ती ओळ." मग त्यांनी गावागावाला एखादे वाक्यही जोडले. या गावचे लोक वहीत नाव सापडले की रडतात. या गावचे येतात ते दही घेऊन येतात, आपल्या घरचे. या गावच्या एका म्हातारबुवांनी स्वतःच्या हाताने सात पिढ्या लिहिल्या आणि आठवी लिहायला नातवाला पाठवला. दहा पावले, एक गाव, एक श्वास. नात खांद्यावरून उतरून मोजू लागली. "आता कुठलं?" "येवला." "आता?" "थांब, बाळ. येवला मोठं आहे. त्याला दोनदा थांबायचं."

मी सर्वांत मागे होते. त्यांनी एखादे गाव विसरावे आणि मधेच थांबून राहावे, अशी धास्ती मला वाटत होती. ते एकही विसरले नाहीत.

खिंडीत वारा होता. पलीकडच्या अंगाला धरणाचे पाणी पसरलेले दिसत होते, अलीकडे द्राक्षबागांचे हिरवे चौकोन आणि त्यांच्यामधून तांबडे रस्ते. माझे पती एका खडकाला टेकून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता, कपाळावर घाम होता, पण श्वास हळूहळू खाली बसत होता. त्यांनी मला विचारले,

"किती चढलो असू गं?"

"तीनशे फूट तरी."

"आणि घाटाच्या पायऱ्या? वरपासून पाण्यापर्यंत?"

"त्याच्या दहाव्या हिश्शाइतक्याही नसतील."

त्यांनी मान हलवली. बाजरीची भाकरी, कमी तेलाचे वांगे आणि तिळाची चटणी आम्ही तिथेच उघडली. त्यांनी भाकरी मागून घेतली. आठ महिन्यांत त्यांनी मागून घेतलेली ती पहिली भाकरी होती, आणि मी ती त्यांच्या हातावर ठेवताना वाऱ्याकडे तोंड केले, म्हणजे डोळ्यांत पाणी आलेच तर वाऱ्यामुळे आले असे म्हणता यावे.

उतार सोपा होता. थोड्याच वेळात वाट खालच्या वाटेला मिळाली आणि आम्ही फाटकापाशी आलो, डोंगर अखेरपर्यंत उजव्या हाताला ठेवून. पहारेकरी म्हणाला, "लय वेळ लावला. खिंडीतून आले की काय, बाबा?"

"तुमच्या पाट्या आमच्याशी बोलतच नव्हत्या," माझे पती म्हणाले. "काय करणार?"

आता मुलगी नकाशापुढे उभी राहिली. खिंडीच्या वाटेजवळ तीच लाल अक्षरे होती. तिने ती वाचली, तोंडावर हात ठेवला आणि मग जवळजवळ ओरडली, "बाबा! इथे बघा काय लिहिलंय! नशीब, आपल्याला माहीत नव्हतं."

ते जवळ गेले, चष्मा वर करून सावकाश वाचले. मग माझ्या शेजारी येऊन, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तू फाट्यावर मागे राहिली होतीस ना?"

मी उत्तर देणार तोच नातीने त्यांचा हात ओढला. तिला पहारेकऱ्याचा कुत्रा दाखवायचा होता. ते गेले. ती गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि मीही काढली नाही.

गाडीत बसण्याआधी त्यांनी चुलतदिरांना फोन लावला. "अरे, वह्या राहू देत माझ्याकडेच. नाही रे, रोज नाही. सोमवार आणि गुरुवार. पाण्यात अजून महिनाभर तूच उतर, मी वर बसतो. हो, नक्की. काय? आवाज वेगळा येतोय? डोंगरावरून बोलतोय म्हणून येत असेल." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. पण माझे पती हसत होते, आणि फोन ठेवल्यावर त्यांनी मुलीला विचारले, "पुढच्या रविवारी कुठला डोंगर?"

माघातल्या पहिल्या सोमवारी ते गंगेवर गेले. आता चैत्र सरत आला आहे. सोमवार, गुरुवार आणि अलीकडे शनिवारही. कपाट रोज उघडते, आणि जुन्या कागदाचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते खिंडीची हकीकत सांगतात, आणि शेवटी न चुकता म्हणतात, "वाट चुकली म्हणून वर गेलो. ती पाटी आधी कळली असती तर पायथ्याशीच बसलो असतो." माणसे हसतात. मी चहाचे कप ठेवते आणि आत जाते.

ते म्हणतात ते खरेच असेल. पण त्या चढावर त्यांना काही झाले असते, तर माझे गप्प राहणे याच घरात कोणत्या नावाने ओळखले गेले असते, हेही मला ठाऊक आहे. मी धीर धरला, की धीर झाला नाही म्हणून गप्प राहिले, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. आणि केवळ सगळे सुखरूप झाले म्हणून तो माझ्या बाजूने लागावा, हे मला पटत नाही.

तुम्ही त्या फाट्यावर माझ्या जागी असता, तर ती पाटी मोठ्याने वाचली असती का?